फुगलेल्या दाराला रंधा

माणसाचा तुकडा मेणात बुडवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हा काही चारचौघांत मिरवण्यासारखा धंदा नव्हे. ताईनं तो सव्वीस वर्षं केला. काय करतेस असं कुणी विचारलं तर ती "हॉस्पिटलात असते" एवढंच सांगायची. समोरचा तिला नर्स समजून आपल्या गुडघेदुखीचं रडगाणं सुरू करायचा आणि ताई मुकाट्यानं ऐकून घ्यायची. खरं सांगून कशाला कुणाच्या तोंडची चव घालवा?

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जिथं पेशंटचे नातेवाईक वाट चुकूनसुद्धा येत नाहीत, तिथं तिची खोली होती. भिंतीला लागून तुकडे टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या बरण्या, मधे मेण वितळवायचं पातेलं, आणि खिडकीशी तिचं लाडकं यंत्र. हातानं चाक फिरवायचं. एक फेरा, एक काप. काप तीन मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचे वीसेक भाग केले तर त्यातला एक. असे काप एकमेकांना चिकटून त्यांची फीत होते. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती मोडायची, काचपट्टीवर अलगद उचलायची आणि रंगवायची. मग ती काच वरच्या मजल्यावर मॅडमकडे जायची. मॅडम म्हणजे सूक्ष्मदर्शकात बघून आजार सांगणाऱ्या डॉक्टर. पेशंटचं नाव ताईपर्यंत येतच नसे. यायचा तो नंबर.

या कामात एकच गुपित होतं. चाक फिरवताना श्वास सोडायचा नाही. नुसत्या फुंकरीनंही फीत उडून जाते. म्हणून ताई दिवसातून शेकडो वेळा श्वास रोखायची. सव्वीस वर्षांचे ते रोखलेले श्वास एकत्र केले तर दोन-चार महिने सहज भरतील, असं तिचा दादा म्हणायचा.

दादा सुतार होता. ताईहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि ताई दुधाचे दात पाडत होती. त्यानं शाळा सोडली, वडिलांचा रंधा उचलला आणि बहिणीला वाढवलं. खुर्च्या-टेबलांत त्याचा जीव रमत नसे. "बसायला काय, माणूस दगडावरही बसतो," तो म्हणायचा, "पण दार बसवायला डोकं लागतं." तो दारं आणि चौकटी करायचा. ताईचं लहानपण त्याच्या कारखान्यातल्या भुशात गेलं. रंध्याखालून निघणाऱ्या भुरभुरीत गुंडाळ्या गोळा करायच्या आणि प्रश्न विचारायचे, हे तिचे दोन उद्योग. लाकूड का फुगतं? गाठ का कापली जात नाही? मुंगीला भुसा का आवडत नाही? दादा वैतागायचा. "अगं, लाकडाला भुंगा लागला तर औषध मारता येतं. तू डोक्याला लागलीस, तुझ्यावर काय मारू?" तेव्हापासून तिचं नाव भुंगा पडलं. पन्नाशीला आली तरी दादा तिला भुंगाच म्हणायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन अडणार आहे. ओल धरली की दारं फुगतात आणि चौकटीत अडकतात. मग लोक दादाकडे यायचे, दार लागत नाही, जरा रंधा मारून दे. दादा दाराच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि सरळ नाही म्हणायचा. "दार मोडलेलं नाही, फुगलंय. पाणी आतून निघून गेलं की आपोआप बसेल. आत्ता रंधा मारला तर तुम्ही खूश, पण वाळल्यावर फट पडेल आणि मला शिव्या घालाल. थांबा. वाळू दे." दुसरे सुतार थांबत नसत. घाव घालून मोकळे व्हायचे. दादाचं गिऱ्हाईक त्यामुळे जायचं, पण त्यानं फुगलेल्या दाराला कधी रंधा लावला नाही.

ताईला हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा दादा एकदाच तिची खोली बघायला आला. चाक फिरवून दाखवल्यावर तो हसत सुटला. "हा तर रंधाच की गं! फरक एवढाच, इथं लाकूड वरखाली नाचतं आणि पातं साहेबासारखं जागेवर बसून राहतं." मग त्यानं पाण्यावर तरंगणारी फीत निरखून पाहिली. त्या दिवसापासून तो गल्लीत सांगत सुटला, माझी बहीण माझ्याहून पातळ रंधा मारते.

ताईनं लग्न केलं नाही. का केलं नाही याची चौकशी करून लोक थकले. ती कारखान्याच्या वरच्या खोलीत राहायची आणि खाली दादा-वहिनीकडे जेवायची. वहिनी त्या घरात आली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती. तिची वेणी वहिनीनं घातली, पहिल्या पगाराच्या दिवशी तिची दृष्टही वहिनीनंच काढली. दोघींचं भांडण झालं तरी जेवणं वेगळी झाली नाहीत. ताईच्या खोलीचं दार मात्र ओल धरली की फुगायचं आणि तिला खांदा लावून ढकलावं लागायचं. "सुताराच्या बहिणीचं दार!" वहिनी टोमणा मारायची. दादा ढिम्म हलत नसे. वाळू दे, म्हणायचा.

आणि मग ते श्वासाच्या आजाराचं वर्ष आलं.

ताईच्या खोलीत बरण्यांची रांग लागली. नाकातलं अस्तर, श्वासनळीचे तुकडे, फुप्फुसाचे तुकडे. मॅडम एका मोठ्या अभ्यासात होत्या. विषाणू पेशीला नेमका कुठं धरतो ते काचेवर दिसायला हवं होतं. त्यासाठी रंग देण्याच्या दोन पद्धती होत्या. एकीत विषाणूला धरू देणाऱ्या पेशीवरच्या जागा तपकिरी दिसायच्या, दुसरीत खुद्द विषाणू. ताई संध्याकाळी घरी येऊन हे सांगायची आणि दादा लाकूड कोरायच्या पाटाशीला धार लावत ऐकायचा.

"पेशीला म्हणे दारं असतात?"

"दारं नको म्हणूस, कोयंडे म्हण. पेशीनं आपल्या कामासाठी बसवलेले. हा विषाणू अंगभर आकडे घेऊन फिरतो. आकडा कोयंड्यात बसला की पेशीच त्याला आत घेते."

"मग कोयंडा काढून टाका की. दोन स्क्रू."

"तसा निघत असता तर! त्याचं स्वतःचं काम असतं रे. रक्ताचा दाब आवरायचा, सूज आवरायची. विषाणू आत शिरताना कोयंडाही आत ओढून नेतो. मग सूज आवरायला कोण उरलं?"

दादानं पाटाशी उजेडाकडे धरली. "म्हणजे चोर आला तो आला, वर कोयंडाही उपटून घेऊन गेला. आणि हे कोयंडे नाकात जास्त?"

"नाकात पुष्कळ. म्हणून तो आधी नाकात शिरतो."

"आणि म्हणून तुमच्या त्या बाई तिथं काडी घालतात."

काडीवाल्या बाई ही ताईची हॉस्पिटलातली एकुलती एक मैत्रीण. आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्या दिवसभर लोकांच्या नाकात तपासणीची काडी घालायच्या. नोकरी कच्ची, उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र पहाडी. "मी रोज दोनशे जणांच्या नाकात काड्या घालते," त्या म्हणायच्या, "पण आजवर कुणाच्या संसारात काडी घातली नाही." डबा दोघी एकत्र खायच्या. एरवी ताईच्या कपड्यांना येणाऱ्या फॉर्मॅलिनच्या वासानं शेजारी जेवायला दुसरं कुणी बसत नसे.

दादाला ताप आला तो एका गिऱ्हाइकाकडे चौकट बसवून आल्यावर. पहिले पाच दिवस घरी काढले. सहाव्या दिवशी धाप लागली म्हणून हॉस्पिटलात ठेवलं. ऑक्सिजन लावला, औषधं सुरू झाली. नवव्या दिवशी ताप उतरला. दादानं चहा मागितला आणि तो बेचव आहे म्हणून तक्रारही केली. दादा तक्रार करतोय म्हणजे बरा होतोय, हे ताई आणि वहिनी ओळखून होत्या. त्याच सकाळी काडीवाल्या बाईंनी स्वतः वर जाऊन त्याची पुन्हा तपासणी केली. संध्याकाळी रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

ताईनं तो कागद दोन्ही हातांनी धरला. तिचं सगळं आयुष्य अशा कागदांवर चाललेलं होतं. काचेवर जे दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही. लोकांचे चेहरे खोटं बोलतात, नातेवाईक खोटं बोलतात, काच खोटं बोलत नाही. ती कागद घेऊन तडक वॉर्डात गेली.

वॉर्डातला डॉक्टर दोन रात्री झोपलेला नव्हता. "अजून दोन-तीन दिवस राहू द्या," तो म्हणाला. "चार पावलं चालवलं की ऑक्सिजन खाली येतो. छातीचा फोटो मला आवडलेला नाही."

"पण रिपोर्ट निगेटिव्ह आहे."

"आहे ना. तरीही राहू द्या."

वहिनी दारातूनच म्हणाली, "ताई, ते म्हणतात तर राहू दे ना. दोन दिवसांनी काय होतंय?"

काय होतंय ते ताईला ठाऊक होतं. त्या वॉर्डातून खाली येणाऱ्या बरण्या तिनं पाहिल्या होत्या. दादाच्या उजवीकडची खाट आदल्या दिवशी रिकामी झाली होती, डावीकडची त्या दिवशी दुपारी. इथून दादाला जितक्या लवकर काढता येईल तितकं बरं, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि हातात पुरावा होता. "विषाणू गेला, वहिनी," तिनं समजावलं. "आता राहिलाय तो नुसता अशक्तपणा. तो काय घरी भरून येत नाही? मी रोज हेच बघते. माझ्यावर विश्वास आहे ना?"

वहिनीनं दादाकडे पाहिलं. दादा मास्कच्या आतून हसला. "भुंगा म्हणतोय तर चला. त्याला काचेतलं दिसतं."

डॉक्टरनं एक छापील कागद पुढं केला. 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आम्ही रुग्णाला आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.' खाली सहीची एकच ओळ होती. ताईनं सही केली. तिचं अक्षर फार सुरेख. काचपट्टीच्या चिमूटभर जागेत नंबर लिहून लिहून वळण आलेलं.

पहिली संध्याकाळ चांगली गेली. दादा कारखान्यात जाऊन बसला, अर्धवट राहिलेल्या दारावरून हात फिरवत. दुसऱ्या दिवशी तो खाटेच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. ताई म्हणाली, अशक्तपणा. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याचे ओठ निळे पडले. बोटाला लावायच्या चिमट्यावरचा आकडा बघून ताईनं चिमटा बदलला, मग बोट बदललं. आकडा बदलला नाही. पुन्हा हॉस्पिटलात नेलं, दुपारी त्याच्या घशात नळी घातली, आणि सहाव्या दिवशी दादा गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर 'गुंतागुंत' असं लिहिलं होतं. वहिनीनं तो शब्द तीनदा वाचला. "गुंतागुंत म्हणजे काय गं? दोरा आहे का तो?"

अशा वेळी सुईनं फुप्फुसाचा बारीक तुकडा काढून घेता येतो. ताईनं विचारलं, घेऊ दे का? का गेला ते कळेल. वहिनी म्हणाली, "तू कापणार असशील तर. परक्याच्या हातात देऊ नकोस त्यांना." ताईनं शब्द दिला.

तुकडा मेणात बसायला, तयार व्हायला थोडे दिवस जातात. तेवढ्यात वहिनीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. रिपोर्टच खोटा होता. भेटायला येणाऱ्यांनी तेल ओतलं. कुणाच्या मेहुण्याचा असाच खोटा आला होता, कुणाच्या साहेबाचा. काडी नीट आत घालतच नाहीत म्हणे, वरच्यावर फिरवतात आणि निगेटिव्ह लिहितात. वहिनी हॉस्पिटलच्या ऑफिसात गेली आणि तोंडी सांगून आली. ऑफिसनं लेखी मागितलं आणि तोवर काडीवाल्या बाईंना घरी बसायला सांगितलं. कच्च्या नोकरीत घरी बसणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

"तू लिहून दे," वहिनी ताईला म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे. रविवारी बसू. सोमवारी मी कागद नेऊन टाकते."

"काच होऊ दे आधी," ताई म्हणाली.

काडीवाल्या बाई तिला फाटकाशी भेटल्या. पहाडी आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "ताई, मी नीट घातली होती हो काडी. तुमच्या दादांचं नाक, त्यात मी टाळाटाळ करीन? शिंकले ते माझ्या तोंडावर. हसलेही." ताईनं मान हलवली. मग बाईंची नजर चुकवून ती आत निघून गेली.

कारण हिशेब सरळ होता आणि तो तिला रोज दिसत होता. काचेवर विषाणू दिसला, तर रिपोर्ट खोटा, दोष काडीचा, आणि ताई सुटली. नाही दिसला, तर रिपोर्ट खरा. मग दादाला वॉर्डातून उठवून आणणारा हात शोधायला फार लांब जायला नको होतं. इथं झाकून काय उपयोग? ताईनं मनात मागणं मागितलं. तपकिरी दिसू दे. शेजारी बसून डबा खाणाऱ्या बाईच्या पोटावर पाय आला तरी चालेल, पण तपकिरी दिसू दे.

मॅडम म्हणाल्या, "तू कापू नकोस. दुसऱ्याला दे."

"शब्द दिलाय."

सुईनं काढलेला तुकडा आगपेटीतल्या काडीएवढा असतो. त्यातला प्रत्येक वाया गेलेला काप परत मिळत नाही. ताईनं ठोकळा यंत्रात बसवला. त्यावर नंबर होता, तिच्याच अक्षरात. तिनं चाकावर हात ठेवला, श्वास घेतला, रोखला आणि फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला तिच्या छातीतून हुंदका आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा फीत उडाली आणि टेबलाच्या कडेवर चिकटून बसली. ती उचलता येईना. ती पुसून टाकणंही तिला जमेना. शेवटी तिनं टेबलाच्या त्या कोपऱ्यावर पालथा पेला ठेवला आणि पुन्हा चाक धरलं. यावेळी फीत अखंड आली. दादानं बघितली असती तर गल्लीभर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला वर बोलावलं. त्यांच्याकडे दोघांनी एकाच वेळी बघायचा सूक्ष्मदर्शक होता. आधी त्यांनी दुसऱ्या कुणाची काच दाखवली, विषाणू असलेली. तपकिरी ठिपकेच ठिपके. रंग नीट लागला होता, शंकेला जागा नव्हती. मग दादाची काच लावली.

तपकिरी काहीच नव्हतं. मॅडमनी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. ताईनं पुन्हा सरकवायला लावली.

"नाही गं," मॅडम म्हणाल्या. "तो केव्हाच गेला. आता त्याच तुकड्याची ही गुलाबी रंगवलेली काच बघ. हे वायुकोश. यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की पलीकडचं रक्त नुसत्या स्पर्शानं हवा घेतं. आणि या बघ."

ताईनं पाहिलं. भिंती सुजून जाड झाल्या होत्या. आतून काचेसारखा गुलाबी थर बसला होता. जिथं तिथं जांभळे ठिपके दाटलेले, शरीराचे स्वतःचे शिपाई, शत्रू निघून गेल्याची वर्दी न मिळालेले. हवा आत येत होती, रक्तही पलीकडे वाहत होतं, पण मधली भिंत दोघांना भेटू देत नव्हती.

"विषाणू पहिल्या आठवड्याचा पाहुणा," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या आठवड्यात मारते ती सूज. ताप उतरतो, तपासणी निगेटिव्ह येते, लोकांना वाटतं सुटलो. अशा वेळी ऑक्सिजन आणि सूज उतरवायची औषधं चालू ठेवून नुसतं थांबायचं असतं. यांना मधेच घरी कुणी नेलं?"

"मी."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "इथं राहिले असते तर वाचले असते, असं काही काच सांगत नाही."

"नसते वाचले असंही सांगत नाही," ताई म्हणाली.

जिना उतरताना तिला ते अगदी स्पष्ट दिसलं. रिपोर्टनं एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, नाकात विषाणू आहे का? नाही. तिनं मात्र ऐकलं होतं दुसरंच, दादा बरा झाला का? हो. कुणा अडाणी माणसाकडून ही चूक झाली नसती. अडाणी माणूस डॉक्टर म्हणेल तसं थांबला असता. काचेवर जन्म काढलेल्या बाईकडूनच ती होऊ शकत होती. आणि चोर गेल्यावरही दार फुगलेलंच राहतं, ही गोष्ट तर भुशात खेळणाऱ्या पोरीला दादानं लहानपणीच शिकवली होती. त्याच्याच बाबतीत ती विसरली. दादालाही ती त्या वेळी आठवू नये, याचा तिला राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

रविवारी सकाळी वहिनी कारखान्यात दादाच्या कामाच्या टेबलावर कोरा कागद आणि पेन घेऊन बसली होती. अर्धवट दार भिंतीला टेकून उभं होतं. त्याला बिजागऱ्या बसवायच्या राहिल्या होत्या.

"झाली का काच?"

"झाली." ताई उभीच राहिली. "विषाणू नव्हता, वहिनी. कुठंच नव्हता. बाईंनी काडी नीट घातली होती. रिपोर्ट खरा होता."

वहिनीनं पेनाचं टोपण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"विषाणू गेला होता आणि मागं सूज राहिली होती. डॉक्टर म्हणत होता ते त्यासाठीच, थांबा म्हणून. तू पण म्हणत होतीस. दार फुगलेलं होतं, वहिनी. आणि मी रंधा मारला."

वहिनीनं टेबलावरचा भुसा तळहातानं एका बाजूला सारला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सही करताना मी तिथंच उभी होते ना? मला काय डोळे नाहीत? पण मला तो रिपोर्ट खोटा हवा होता गं. खोटा ठरला असता तर चूक त्या बाईची झाली असती, आणि तू मला राहिली असतीस. हे गेले. आता तूही गेलीस तर मी जेवायला कुणासमोर बसू?"

ताईला रडू फुटलं. वहिनी रडली नाही. तिनं कागद ताईकडे सरकवला.

"लिही. रिपोर्ट बरोबर होता, त्या बाईंबद्दल आमची काही तक्रार नाही. चांगल्या अक्षरात लिही. तिची भाकरी गेली तर ह्यांना आवडणार नाही."

ताई बसली. तिनं डोळे पुसले आणि लिहू लागली. शेवटची ओळ तिनं मनानं घातली, आणि हात आपसूक त्या छापील कागदाच्या वळणावर गेला. 'डॉक्टरांचा सल्ला न मानता आम्ही रुग्णाला आमच्या जबाबदारीवर घरी नेले होते.'

वहिनी तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होती. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"'आम्ही' नको," ती म्हणाली. "मी थांबू या म्हणाले होते. 'मी' लिही."

ताईनं 'आम्ही' खोडलं आणि वर 'मी' लिहिलं. 'आमच्या' खोडून 'माझ्या' केलं. खाली सही केली. सव्वीस वर्षांत तिच्या हातच्या कागदावर खाडाखोड झालेली नव्हती. वहिनीनं कागदाची नीट घडी घातली आणि कनवटीला खोचली.

ताईनं तिचा हात धरायला हात पुढं केला. वहिनीनं आपला हात मागं घेतला. रागानं नव्हे, गरम भांड्याला लागावा तसा.

"आत्ता नको," ती म्हणाली. "दार फुगलंय. ढकलू नकोस. वाळू दे." आणि दोन पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "ताट झाकून ठेवते. वरच जेव."

ताई जिना चढून वर गेली. तिच्या खोलीचं दारही त्या दिवसांत फुगलेलंच होतं. रोज ती खांदा लावून ते उघडायची. त्या दिवशी तिनं कडेवरून नुसतं बोट फिरवलं आणि ती वरच्या पायरीवर बसून राहिली. खाली वहिनीनं आपलं ताट वाढून घेतल्याचा आवाज आला, एकाच ताटाचा.